आमच्या दादांचे भाषण

पुराणांत आकाशवाणी वारंवार होते. परंतु ती ऐकून कोणास सुख झाल्याचे फारसे आढळत नाही. कंस बहिणीचा रथ हाकीत असता त्याने ती ऐकली आणि पुढील सारे अनर्थ ओढवले. ती अशरीरिणी वाणी एकदाच बोलते. तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय नाही. आमच्या पोखर्णीस गेले अर्धशतक जी आकाशवाणी ऐकू येत आली, तिचा स्वभाव अगदी निराळा. ती पावसाचा अंदाज सांगे, मोंढ्यातले भाव सांगे, जनावरांना लस कोठे टोचणार हे सांगे, शाळांच्या कबड्डीत कोण जिंकले तेही सांगे. आणि पत्र धाडल्यास उत्तरही देई.

आमचे गाव परभणी-परळी लोहमार्गावर आहे. येथील नृसिंहाचे देवालय प्रसिद्ध असून रेल्वेच्या स्थानकानेही देवाचे नाव आपल्या नावास जोडून घेतले आहे. परभणीस १९६८ साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मध्यम लहरींच्या केंद्राचा उंच मनोरा हाच त्याचा आकाशतार असतो. त्यातून निघालेल्या लहरी दिवसा जमिनीलगत पसरत जातात. हे शास्त्र आमच्या काकांस ठाऊक नव्हते, पण परभणीचा तो लोखंडी खांब पाहून येताच ते म्हणाले, "आमचा देव खांबातून निघाला, तिथे आवाज निघाला यात नवल ते काय!" रात्री त्याच लहरी वातावरणातील उंच थरांवरून परतून दूरदूर जातात, म्हणून रात्री कोठकोठली केंद्रे येऊन मिसळत आणि १३०५ किलोहर्ट्झवरची आमची परभणी त्या गर्दीत जत्रेतल्या मुलासारखी हरवे, सापडे.

या केंद्राचे आम्हांस एवढे अप्रूप का, हे इतर प्रांतांतील वाचकांस सांगितले पाहिजे. मुंबईस १९२७ साली केंद्र सुरू झाले. नागपुरास १९४८ साली व पुण्यास १९५३ साली झाले. आम्ही मराठवाड्याचे लोक १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची भाषा उर्दू. माझे वडील अण्णा उर्दूत गणित शिकले आणि मरेपर्यंत पाढे मनातल्या मनात उर्दूतच म्हणत. त्या अण्णांनी ढाळजेत बसून परभणी केंद्राचा निवेदक प्रथम ऐकला, तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत. नंतर उपरण्याने डोळे पुसून एवढेच म्हणाले, "आपल्या जिल्ह्याचं नाव आपल्या बोलीत आलं रे." हे वाक्य मी तेव्हा ऐकले, समजावयास मला बराच काळ लागला.

आमचे घर एकत्र कुटुंबाचे. माणसे चौदा आणि यंत्र एकच. त्यावर क्रोशाचे झाकण असे, आणि टपालकचेरीत शुल्क भरून घेतलेला त्याचा परवाना अण्णांच्या पेटीत असे. सेल अशक्त झाले की आई ते माळवदावर उन्हात ठेवी व त्यांत आणखी आठवडाभराचा जीव आणी. यंत्रावर हक्क कोणाचा, यावरून नित्य कलह. काकांस खेळांचे वेड. ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर वाडेकरांच्या संघाने इंग्लंडचा पराभव केला, त्या दिवशी काकांनी संध्या दोनदा केली, कारण पहिलीच्या वेळी लक्ष नव्हते. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला हॉकीचा विश्वचषक आपण पाकिस्तानकडून २-१ असा जिंकला, तेव्हा माझी परीक्षा तोंडावर असूनही अण्णांनी पुस्तक मिटावयास सांगितले. माझा स्वतःचा हक्क सकाळच्या पाच मिनिटांवर. १९७४ च्या जूनअखेरीस दिल्लीहून संस्कृत वार्ता सुरू झाल्या. 'इयम् आकाशवाणी' हे शब्द कानी पडताच मी आसन मांडून बसे. आणि शेतीचा कार्यक्रम थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादांचा.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. अण्णांची प्रकृती ढासळली तेव्हा जमीन पडीक राहू नये म्हणून त्यांनी आठवीतून शाळा सोडली आणि तिफण धरली. मी शिकलो तो त्यांच्या न शिकण्यावर. १९७२ च्या दुष्काळात आमचे बैल विकले गेले, घरात लाल मिलोच्या भाकरी होत्या; तरी माझी पाठशाळेची दक्षिणा एकदाही थकली नाही. त्या वर्षी दुष्काळी कामे कोठे उघडली, धान्य कोठे आले, हे केंद्रावरून कळे, आणि दादा ते ऐकून वेशीपाशी जमलेल्या लोकांस सांगत. त्याच वर्षी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील विद्वान बोलत आणि दादा ढाळजेच्या खांबास टेकून, डोळे मिटून, मंत्र ऐकावा तसे ऐकत. पेरणीपूर्वी किती पाऊस झाला पाहिजे, तुरीच्या ओळी कशा धराव्या, हे ते आधी एका पट्ट्यात करून पाहत व मगच मान्य करीत. "ऐकलं म्हणजे झालं न्हाई," असे त्यांचे म्हणणे.

दादांस ठाऊक नव्हते, पण हीच गोष्ट मोठ्या मंडळींनी मोठ्या प्रमाणावर पडताळून पाहिली होती. कॅनडात शेतकऱ्यांची श्रवणमंडळे होती. त्या धर्तीवर १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे गावांत प्रयोग केला. आठवड्यास दोन कार्यक्रम व्हावयाचे. गावकऱ्यांनी ते एकत्र बसून ऐकावयाचे, चर्चा करावयाची व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे परीक्षण केले, तेव्हा मंडळे असलेल्या गावांत ज्ञान लक्षणीय वाढल्याचे आढळले. यातील तात्पर्य असे, की ध्वनिक्षेपकाला तोंड असते तसे कानही असावे लागतात.

ते कान एकदा आमच्या गावापर्यंत आले. १९९४ साली शेतीविभागाचे एक अधिकारी एका सभेसाठी गावी आले असता त्यांनी दादांस लिंबाखाली चार शेतकऱ्यांशी बोलताना ऐकले. विषय घरच्या बियाण्याचा होता. पंधरा दिवसांनी टपालाने करारपत्र आले: भाषण, पाच मिनिटे. घरात दिवाळी झाली. दादा मात्र करारपत्र हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तू पाहून दे बरं जरा."

मी पाहून दिले नाही. मी लिहूनच दिले. तीन रात्री जागून लिहिले. दादा म्हणाले असते, "पोत्याचं वलं फडकं घ्या, शंभर दाणे मोजून ठिवा, गुंडाळा, चार-पाच दिसांनी उघडून बघा, सत्तर तरी उगवले का." मी लिहिले, "बियाण्याची अंकुरणक्षमता पेरणीपूर्वी परीक्षणे हे प्रत्येक कृषकाचे आद्य कर्तव्य होय." 'पडायलाय', 'करायलोत' ही आमच्याकडची रूपे मी वेचून काढली. माझ्या भावाचे हसे होऊ नये, असे मी स्वतःस सांगत होतो. आज प्रामाणिकपणे लिहावयाचे तर गुरुजींच्या भावाचे हसे होऊ नये, ही ती चिंता होती.

परभणीस मी त्यांच्याबरोबर गेलो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंती मऊ, दार जाड आणि वर लाल दिवा. तालमीत दादांनी दोन परिच्छेद वाचले. अधिकारी सौजन्याने म्हणाले, "कागद बाजूला ठेवून, त्या दिवशी लिंबाखाली बोललात तसं बोलाल का? मी प्रश्न विचारतो." दादांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात काय होते ते मला आज कळते. तेव्हा मीच मध्ये बोललो, "नको, लिहिलेलं शुद्ध आहे. तेच राहू द्या."

दादांनी वाचले. शाळेत उभे करून वाचावयास लावलेला मुलगा वाचतो तसे, बोट ओळीवर ठेवून. मजकूर अर्धा मिनिट आधीच संपला. काचेपलीकडून अधिकाऱ्यांनी आणखी बोलण्याची खूण केली. दादा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आन् एक. बी न्हाई उगवलं तर आभाळाला शिव्या देऊ नका. आधी आपलं पोतं बघा." लाल दिवा मालवला.

प्रसारणाच्या दिवशी सारे घर ढाळजेत. माझ्या मुलाने ते कॅसेटवर उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी आमचा शेजारी शेतकरी दादांस म्हणाला, "मालक, नाव तुमचं सांगितलं, पर बोलायलेत तर गुरुजी, असं वाटलं." सारे हसले, दादाही हसले. मानधन आले तेव्हा त्यांनी त्यातून मला एक झरणी आणून दिली. "लिहिलंस तू, पैसे तुझे." यात उपरोध नव्हता. असता तर बरे झाले असते. पुढील वर्षी केंद्राचे पुन्हा पत्र आले. दादांनी नम्रपणे नकार कळविला. मला म्हणाले, "शुद्ध बोलणं आपल्याला नाही जमत रे." ते पुन्हा कधीही आकाशवाणीवर बोलले नाहीत.

मी आयुष्यभर संस्कृत शिकविले. पतंजलीचे एक म्हणणे मी दरवर्षी मुलांस सांगे: मडके हवे असणारा कुंभाराकडे जाऊन मडके कर म्हणतो, परंतु बोलू इच्छिणारा वैयाकरणाकडे जाऊन शब्द करून दे म्हणत नाही. भाषा लोकांची, वैयाकरण तिचा केवळ साक्षी. पाणिनीने पूर्वेकडचे लोक असे म्हणतात, उत्तरेकडचे तसे, हे आदराने नोंदून ठेवले. मुलांस हे सांगणाऱ्या गुरुजीने घरी मात्र कुंभारशाळा घातली आणि सख्ख्या भावास आपली मडकी विकली. ज्या बोलीचे नाव हवेतून ऐकून अण्णांचे डोळे भरून आले होते, तीच बोली मी त्यांच्या मुलाच्या तोंडून काढून घेतली. उर्दूने जे आमचे घेतले नाही ते माझ्या शुद्धलेखनाने घेतले.

दादा २०१६ साली गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी मुलाने ती कॅसेट शोधून लावली. घरातील माणसे आता पुण्या-औरंगाबादेस पांगलेली. त्या दिवशी सारी जमली होती. वहिनी डाळ निवडीत बसल्या होत्या. माझे संस्कृतप्रचुर गद्य दादांच्या घशातून पाच मिनिटे निघत राहिले. वहिनींचे हात चालूच होते. त्यांनी मान वर केली नाही. मग शेवटचे ते वाक्य आले. वहिनींचे हात थांबले. यंत्र बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "भावोजी, तेवढं शेवटचं पुन्हा लावा ना."

मुलाने फीत मागे नेऊन ते पुन्हा लावले. त्या दिवशी ते तीनदा लावले. दादांच्या सहासष्ट वर्षांच्या आयुष्यातील त्यांचा आवाज म्हणून आमच्यापाशी एवढाच उरला आहे. बाकी पाच मिनिटे मी अडविलेली आहेत.

२०१९ च्या ज्येष्ठात माझ्या पुतण्यास तशाच एका कार्यक्रमात बोलण्याचे बोलावणे आले. तो शेतीच करतो. कापूस कमी करून सोयाबीन घेतो, आणि वडिलांप्रमाणे पेरणीपूर्वी ओल्या फडक्यात शंभर दाणे ठेवतो. रात्री जेवणानंतर तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, जरा लिहून देता का? तुमची भाषा चांगली आहे." झरणी समोरच होती. मी म्हणालो, "कागद नेऊ नकोस. फडके आणि दाणे घेऊन जा, आणि त्यांना दाखवीत दाखवीत बोल."

तो बोलला तेव्हा मी ढाळजेत, दादा टेकत त्याच खांबास टेकून ऐकत होतो. 'वलं' आले, 'ठिवा' आले, 'उगवायलंय' आले. दोन ठिकाणी माझी जीभ सवयीने वळवळली, हे कबूल करतो. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. कार्यक्रम संपला तेव्हा त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "यांच्यासारखाच बोलतो की हो." आणि डाळीचे सूप घेऊन आत गेल्या.