चालत येणे आणि चालून येणे

क्रियापदाचा तास रूक्ष होतो, ही तक्रार भाषा शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाची असेल. गेली काही वर्षे वडूजच्या वर्गात मी या तासाला डच भाषेची सोबत घेतो. त्या भाषेत माणूस नुसता येत नाही. कसा आला, हेही त्याच दमात सांगितले जाते. 'कोमेन आनलोपेन' म्हणजे पायी येणे, 'कोमेन आनफीत्सेन' म्हणजे सायकलवरून येणे. 'कोमेन' हे येण्याचे क्रियापद, आणि 'आन' हा उपसर्ग त्या गतीचे तोंड आपल्या दिशेला वळवतो. दारी आपणहून आलेल्या बेवारशी मांजरालाही 'कोमेन आनलोपेन' हाच प्रयोग लागतो.

मराठी कानाला ही रचना परकी वाटू नये. आपणही 'चालत आला', 'सायकल मारत आला' असेच म्हणतो. मात्र आपल्याकडे एका प्रत्ययाने अर्थ पालटतो. 'मुलगी पळत आली' यात धाप आहे. 'मुलगी पळून आली' यात मागे सोडलेले घर आहे. 'धावत आला' तो घाईत असेल. 'धावून आला' तो एक तर मदतीला किंवा अंगावर. 'त' प्रत्यय दोन क्रिया एकाच वेळी चालू ठेवतो. 'ऊन' एरवी आधीची क्रिया दाखवतो, पण 'येणे'शी जोडला की पुष्कळदा दोहोंचा मिळून एक नवाच अर्थ घडतो. त्या अर्थात हेतू शिरतो, कधी नशीबही. स्थळ चालून येते, तसा शत्रूही चालून येतो.

डचमध्येही असा उंबरठा आहे. 'कोमेन आनफ्लीगेन' म्हणजे उडत येणे. पण 'कोमेन' गळून कर्म जोडले, की 'आनफ्लीगेन'चा अर्थ एखाद्यावर तुटून पडणे असा होतो. आगमन आणि आक्रमण यांत दोन्ही भाषांनी फार अंतर ठेवलेले नाही.

हा भेद वडूजमध्ये केवळ व्याकरणाचा राहत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली इथल्या मामलेदार कचेरीवर नि:शस्त्र मोर्चा आला. गोळीबार झाला आणि घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. या प्रसंगावर निबंध लिहायला सांगितला, की काही विद्यार्थी सहजपणे लिहून जातात : 'जमाव कचेरीवर चालून आला.' वाक्य शुद्ध आहे, प्रवाही आहे, कानाला भारदस्तही वाटते. पण त्या 'ऊन'मध्ये गोळीबाराचे समर्थन दडलेले असते. चालून येणाऱ्याला अडवावेच लागते. चालत येणाऱ्यावर बंदूक का रोखली, याचा जाब मात्र रोखणाऱ्याला द्यावा लागतो. हातात तिरंगा घेतलेली ती माणसे चालत आली होती.

अशा वेळी मी फळ्यावर दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहितो आणि विचारतो, यांतले कोणते वाक्य कचेरीच्या आतून लिहिले गेले असेल? वर्ग थोडा वेळ गप्प राहतो. मग बहुधा मागच्या बाकावरून उत्तर येते, आणि ते बरोबर असते.

धातुसाधिते पाठ करून गुण मिळतात, ते मिळावेतच. परंतु साक्ष देणाऱ्याला प्रत्यय निवडावा लागतो, आणि त्या निवडीतच तो कुठे उभा आहे हे ठरते. आपल्या अभ्यासक्रमात व्याकरण आणि इतिहास यांचे तास वेगळे असतात. भाषेला ती सोय नाही.