पाठ करून बस

हळदी घरी आली तेव्हा चार महिन्यांची होती. पहिले सहा दिवस तिचं तोंड मला धड दिसलंच नाही. न्हाणीघरात कपडे धुण्याचं मशीन आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर फट होती, त्या फटीत ती होती. दिसायची ती फक्त शेपटीकडची बाजू. रात्री आम्ही झोपलो की वाटीतलं अन्न संपायचं, कोपऱ्यात ठेवलेल्या वर्तमानपत्रावर लघवी दिसायची, एवढ्यावरून ती जिवंत आहे हे कळायचं.

ही डिसेंबर 2014 मधली गोष्ट. आम्ही बर्लिनला राहत होतो. त्याआधी शहराच्या पूर्वेला फाल्केनबर्गमधलं प्राण्यांचं मोठं आश्रयस्थान दोनदा पाहून आलो होतो. पिल्लू मात्र मिळालं ते रुमानियातून. तिथे 2013 च्या सप्टेंबरात कायदा झाला, की रस्त्यावरून पकडलेलं कुत्रं कामकाजाच्या 14 दिवसांत कुणी नेलं नाही तर त्याला मारता येईल. तेव्हापासून जर्मनीतली बरीच माणसं तिथली कुत्री सोडवून आणू लागली. आमचं पिल्लू एका व्हॅनमधून आलं. महामार्गावरच्या पेट्रोल पंपाशेजारी पहाटे पाच वाजता गाडी थांबली, पिंजरा उघडला आणि माझ्या हातात एक थरथरतं बोचकं आलं. गळ्यात पट्टा, अंगात वेगळा पट्टा आणि दोन्हींना दोन दोऱ्या. एक निसटली तरी दुसरी हातात राहावी म्हणून. अशा कुत्र्यांना जर्मनीत ‘आंग्स्टहुंड’ म्हणतात, म्हणजे भ्यालेलं कुत्रं. आमच्याकडे त्याला बुजरं म्हणतात आणि मला तोच शब्द जास्त बरोबर वाटतो. भीती एखाद्या गोष्टीची असते. बुजणं अंगातच असतं.

का बुजलेली होती, ते मला पुढे वाचताना कळलं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं पुस्तक 1965 सालचं. त्याच प्रयोगशाळेतल्या काही पिल्लांना कुंपणाच्या आत, माणसांपासून दूर वाढवलं होतं. 14 आठवडे माणसाचा हात न लागलेली पिल्लं पुढे माणसाळली नाहीत, घाबरीच राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जग ओळखीचं व्हायचं असतं. आता दुसरा हिशेब बघा. रेबीजची लस 12 आठवड्यांच्या आधी चालत नाही, आणि लसीनंतर 21 दिवस थांबावं लागतं. म्हणजे 15 आठवड्यांच्या आत असं पिल्लू सरहद्द ओलांडून जर्मनीत येऊच शकत नाही. नियम योग्यच आहे, रेबीज हा खेळ नव्हे. पण हळदीसारख्या पिल्लांचे ते आठवडे शेडमध्ये, जाळीमागे जातात. ती आमच्या दारात आली तेव्हा जग ओळखीचं करून घ्यायचं तिचं दार मिटलेलं होतं.

हे सगळं नंतरचं. सहाव्या दिवशी मी रडत माझ्या वडिलांना, आण्णांना, फोन लावला.

माझं माहेर केमचं. सोलापूरच्या रेल्वेलाइनवर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं, करमाळा तालुक्यातलं. गावाची ओळख कुंकवाची. पंढरपूर, तुळजापूरच्या दुकानांतून केमचं कुंकू विकलं जातं. आमच्या घराच्या पाठीमागेच कुंकवाची गिरणी होती. वारा इकडचा असला की वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर गुलाबी झाक यायची. गिरणीच्या उंबऱ्याशी बसणारा एक पांढरा कुत्रा आम्हाला कधी पांढरा दिसलाच नाही. त्याला सगळे लाल्या म्हणायचे. तो कुणाचा नव्हता आणि सगळ्यांचा होता. कोणी भाकरी टाकायचं, पावसाळ्यात कुणाच्याही ओसरीवर झोपायचा. कुत्र्याला माणसाची भीती वाटू शकते हे मला त्याच्याकडे बघून कधी कळलंच नसतं.

आण्णांनी कुत्रं मुद्दाम पाळलं नाही. त्यांचा जीव बैलांवर. सांगोल्याच्या बाजारातून ते खिलार खोंड आणायचे. खिलार जात चपळ आणि तापट, नवीन दावणीला आलेला खोंड आठ-आठ दिवस कुणाला अंगाला हात लावू देत नाही. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “तू तिच्याकडं बघतीस का?”

“बघते की. सारखी वाकून बघते. गोड बोलते, हाका मारते.”

“मग कशी यील ती? बघू नगंस. पाठ करून बस. बुजलेल्या जनावराकडं तोंड करून बसलं की त्याला वाटतं, आता ह्यो धरणार. तू पाठ दिलीस की त्याला कळतं, हिला आपलं काय घ्यायचं नाही. खायला ठिव, बस, आपलं काम कर.”

“किती दिवस?”

“ते तिनं ठरवायचं.”

नाव आईने ठेवलं. पिल्लाचा रंग वाळलेल्या हळकुंडासारखा होता. मला कुंकू म्हणायचं होतं. आई म्हणाली, “नको गं, ते कपाळाचं. हळदी म्हण. हळदीचंच पुढं कुंकू हुतं.”

मी न्हाणीघरात फरशीवर, मशीनकडे पाठ करून बसू लागले. भाजी निवडली, पत्रं लिहिली, ऑफिसचं काम केलं. दहाव्या दिवशी कमरेजवळ गरम श्वास लागला. मी वळले नाही. वळायची इतकी तीव्र इच्छा मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाली असेल.

मग 31 डिसेंबर आला. जर्मनीत नववर्षाच्या रात्री सामान्य माणसांना फटाके उडवायची मुभा असते आणि बर्लिन त्या रात्री युद्धासारखं वाजतं. खिडक्या बंद केल्या, पडदे ओढले. हळदी पुन्हा फटीत. मध्यरात्री मी तिथेच घोंगडी पांघरून, पाठ करून बसले. पहाटे आवाज थांबले तेव्हा माझ्या पाठीला तिची पाठ टेकलेली होती.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. कुकरच्या शिट्टीला ती अंगातलं बळ गेल्यासारखी खाली बसायची, म्हणून दोन महिने आमच्या घरी वरण उघड्या पातेल्यात शिजलं. छत्री, सायकल, टोपी घातलेला माणूस, खांद्यावर पिशवी टाकलेला माणूस. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ती दर वेळी थांबायची; तिथे काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या ओळखीचे लोक म्हणायचे, तिला गर्दीत न्या, सवय होईल. एकदा ऐकलं त्यांचं. रविवारच्या बाजारात नेलं. ती दोन दिवस जेवली नाही. तो माझा गुन्हा आहे आणि मला तो अजून खुपतो. भ्यालेल्या जीवाला भीतीत ढकलून धीट करता येतं, या समजुतीवर माझा तेव्हापासून राग आहे.

तिला आमची मराठी कळू लागली. ‘ये’, ‘थांब’, ‘असू दे’. यातलं ‘असू दे’ तिचं सर्वांत आवडतं. मी ते म्हटलं की ती खांदे सैल सोडायची.

2017 च्या उन्हाळ्यात आण्णा तीन महिन्यांसाठी आले. आल्या आल्या त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. रोज सकाळी गच्चीत जमिनीवर बसायचे, दाराकडे पाठ करून, तंबाखू मळत. पाहुणे आले की पलंगाखाली जाणारी हळदी चौथ्या दिवशी दारातून हळूहळू बाहेर गेली आणि त्यांच्या लेंग्यावर हनुवटी टेकून बसली. आण्णा समोरच्या झाडाकडेच बघत म्हणाले, “आलीस व्हय?” तीन महिने दोघांचं एवढंच बोलणं. ते परत गेल्यावर ती आठवडाभर सकाळी गच्चीच्या दाराशी जाऊन बसत होती.

हळदी साडेदहा वर्षं जगली. धीट ती कधीच झाली नाही. पण आमच्या घरात तिला तसं होण्याची गरजही राहिली नव्हती. शेवटच्या वर्षी मूत्रपिंडं निकामी होत गेली. 2025 च्या फेब्रुवारीत डॉक्टर घरी आले, कारण दवाखान्याचा दरवाजा तिला कधीच सोसला नाही. आण्णा त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते.

जर्मनीतल्या कुत्र्यांच्या कराच्या यादीतून तिचं नाव कमी करून घेतलं. तिचे दोन्ही पट्टे उन्हाळ्यात मी केमला नेले. गोठ्यात आता एकच गाय आहे, पण बैलांची दावी अजून त्याच खुंटीला आहेत. पट्टे मी तिथेच अडकवले आहेत.