गोणपाटाचा आडोसा

निफाडची थंडी उरलेल्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून कळते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते छापून येतं. पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाण्याची धास्ती. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. माझ्या लहानपणी त्या दिवसांत आमच्या घरी आणखी एक काम असायचं. अंगणातल्या सशाच्या पिंजऱ्याला गोणपाट बांधायचं.

पिंजरा लाकडी, जमिनीपासून हातभर उंच, पुढून जाळीचा. आजी धान्याची रिकामी पोती झटकून दिवसभर उन्हात टाकायची. संध्याकाळी दाभण-सुतळीनं ती जोडून मागच्या आणि उत्तरेच्या अंगाला ताणून बांधायची. पुढच्या जाळीवर मात्र कांद्याची गोणी. धान्याच्या पोत्याची वीण दाट, तिनं वारा अडतो. कांद्याची विरळ, तिच्यातून हवा खेळती राहते. लासलगावचे व्यापारी कांदा विरळ गोणीत का भरतात, हे मला सशाच्या पिंजऱ्यापाशी समजलं.

शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून पिंजऱ्याखाली ठेवू या का, असं मी विचारलं, तेव्हा आजी म्हणाली, "नको गं. त्याची शेगडी त्याच्या पोटात आहे. आपण फक्त वारा अडवायचा."

पुढे वाचनात आलं, ते तिच्याच बोलण्याला दुजोरा देणारं. सशाच्या अंगाचं तापमान सुमारे 39 अंश, आपल्यापेक्षा जास्त. त्याच्या आतड्यात गवत आंबतं, त्या क्रियेतूनही उष्णता निघते. म्हणून थंडीत त्याला गवत जास्त लागतं. थंडीच्या तोंडावर केस दाट होतात. कानांतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि ससा कान पाठीला चिकटवून अंगाचा गोळा करून बसतो. आपल्या शिवारातला रानससा तर उघड्यावरच राहतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव ससा निराळा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, आणि आई स्वतःच्या अंगावरचे केस उपटून त्यांच्यासाठी घरटं करते. पिंजऱ्यातल्या सशाला बीळ नसतं. ते आपण उभं करून द्यायचं.

गोणपाट मला पुढेही भेटत राहिलं. आषाढात त्याची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत जायचो. चैत्र-वैशाखात तेच पाण्यात भिजवून पिंजऱ्यावर टाकायचो, कारण सशाला थंडीपेक्षा ऊन जास्त मारक; तिशीच्या पुढे पारा गेला की तो धापा टाकतो. आजी थकली, पडवीतच झोपू लागली, तेव्हा वडिलांनी वाऱ्याच्या बाजूला दुहेरी गोणपाट लावलं. तिला खोलीत नेऊन दार लावणं सोपं होतं. पण तिला माणसांची जाग ऐकायची होती, मोकळी हवा हवी होती. वडिलांनी दोन्ही राखलं.

आज नाशिकला माझ्या मुलीचे दोन ससे मागच्या अंगणात असतात. कुणीतरी ताडपत्री गुंडाळायला सांगितलं. तशी गुंडाळलेला एक पिंजरा मी पहाटे पाहिला होता. आतून पाण्याचे थेंब ओघळत होते, मुताच्या वासानं डोळे चुरचुरत होते. कोरडी थंडी ससा सोसतो. ओल आणि कोंदट हवा त्याच्या छातीत शिरते. म्हणून मी रेशनच्या दुकानातून ज्यूटची पोती आणली. 1987च्या कायद्यामुळे सरकारी धान्याला ज्यूटची गोणी अजून टिकून आहे. आत इगतपुरीकडचा भाताचा पेंढा जाड अंथरते. त्याच्या पोकळ काड्यांत हवा धरून राहते, आणि ससे त्यात पार बुडून बसतात. गोणपाट मात्र जाळीच्या बाहेरून, त्यांच्या दातांना लागणार नाही असं बांधते. त्याचे धागे पोटात गेले तर आतडं तुंबू शकतं. दवानं ओलं झालेलं पोतं उन्हात जातं, त्याच्या जागी कोरडं येतं.

कुणाला ऊब देणं म्हणजे त्याला तापवणं नव्हे, हे मी या पोत्यापासून शिकले. बहुतेक जिवांची ऊब त्यांच्याजवळच असते. ती वाऱ्यावर जाऊ नये आणि श्वासही कोंडू नये, एवढं पाहणाऱ्याचं काम. तुमच्या अंगणात ससा असेल तर थंडीची वाट पाहू नका. दिवाळी झाली की दोन जोड पोती, कोरडा पेंढा आणि सुतळी आणून ठेवा. वारा अडवा, हवा अडवू नका, आणि रोज सकाळी पेंढ्यात हात घालून तो कोरडा आहे ना, ते बघा.