हयातीचा दाखला

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की आमच्या बँकेत पेन्शनरांची रांग लागते. हल्ली मोबाइलवर तोंड दाखवूनही चालतं, पण रांग आहेच. काठी टेकत, मफलर सावरत आलेला सद्गृहस्थ काउंटरपुढे उभा राहतो आणि ‘मी हयात आहे’ असं मला लेखी देतो. २२ वर्षं हे काम केल्यावर जिवंत कोण आणि नाही कोण, हे आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो एका वाळूच्या पिशवीनं उतरवला.

त्याचं असं झालं. आमच्या कन्येला खाऱ्या पाण्यातला फिशटँक हवा होता. वय ११, डोक्यात तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा सिनेमातला मासा. गोड्या पाण्याचा प्रयोग आमच्याकडे होऊन गेला होता. म्हणजे रविवारी संध्याकाळी दोन गोल्डफिश आणले, नळाचं पाणी भरून त्यात सोडले आणि बुधवारी सकाळी त्यांना तुळशीच्या कुंडीत मूठमाती दिली. कन्या रडली नाही. ‘‘बाबा, तू घाई केलीस,’’ एवढंच म्हणाली. ऑडिटरचा कुठलाही शेरा मला इतका लागलेला नाही.

तेव्हा या खेपेला रीतसर क्रॉफर्ड मार्केट गाठलं. प्रवाळांचं नावही काढलं नाही; २००१ पासून कायद्यानं त्यांना वाघाच्या पंगतीला, पहिल्या परिशिष्टात बसवलंय. आमचं बेट कोरड्या दगडांचंच होणार होतं. तीन फुटी टाकी ठरली आणि दुकानदारानं विचारलं, ‘‘वाळू जिवंत देऊ की सुकी?’’

सौ. मालवणची. ती पुढे सरून म्हणाली, ‘‘आधी वास बघा.’’

दुकानदार हसला नाही. दोन्ही वाळूंचा देह एकच, कॅल्शियम कार्बोनेट, शंखशिंपल्यांच्या जातीचा. फरक एवढाच की जिवंत वाळू पिशवीत ओली असते आणि तिच्या कणाकणावर जिवाणू वस्तीला असतात. किंमत सुकीच्या अडीचपट. मी पिशवी उलटसुलट केली. परदेशातून आलेली, गोदामात किती महिने पडलेली कोण जाणे. ‘‘आतले अजून हयात आहेत कशावरून?’’ मी विचारलं. ‘‘साहेब, त्यावर लिहिलंय ना!’’ तो म्हणाला. हे उत्तर एखाद्या पेन्शनरानं मला दिलं असतं तर!

पण हे जिवाणू लागतात कशाला? बँकेतल्या माणसाला ते चटकन कळतं. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. तो विषारी. पहिल्या टेबलावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग फाइल दुसऱ्या टेबलावर जाते, तिथले जिवाणू नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य. अधूनमधून थोडं पाणी बदललं की भागतं. नव्या टाकीत ही दोन्ही टेबलं रिकामी असतात. भरती व्हायला चार ते सहा आठवडे. आमच्या गोल्डफिशांनी बिचाऱ्यांनी उघडलेल्या दिवशीच शाखेत पाऊल टाकलं होतं.

म्हणजे जिवंत वाळूत पैसे मोजायचे ते घाई करायला मिळावी म्हणून. आणि ती पिशवीतच मेली असेल, तर मेलेल्या जिवाणूंचाच अमोनिया! मी दोन्ही पिशव्यांच्या मध्ये उभा राहून मनातल्या मनात ताळेबंद मांडत होतो.

सौ.नं तो एका वाक्यात मिटवला. ‘‘मुलुंडला तुमच्या त्या ऑफिसातल्या भावजींकडे आहे ना खाऱ्या पाण्याची टाकी? सुकी घ्या आणि त्यांच्याकडून वाटीभर मागून आणा. विरजणाला.’’

दुकानदारानं या वेळी मात्र मान डोलवली. धंदा बुडाला होता तरी.

सुकी १६ किलो घेतली. ती धुवावी लागते हे घरी आल्यावर कळलं. (जिवंत मात्र नळाखाली धरायची नाही, क्लोरीननं तिचं जिवंतपण जातं.) सोसायटीचं पाणी सकाळी पाऊण तास. मी बादलीत वाळू ढवळत होतो आणि वरून निघत होतं निव्वळ ताक. सहाव्या बादलीला शेजारच्या काकांनी दारातून विचारलं, ‘‘तांदूळ कुणाकडे काही कार्य आहे म्हणून?’’

मग मुलुंडचं विरजण लागलं. त्यानंतर जिवाणूंना खुराक म्हणून टाकीत कोळंबीचा तुकडा कुजायला ठेवायचा होता. सौ.चा चेहरा त्या वेळी पाहवत नव्हता. गोल्डफिश गेले तेव्हा ती इतकी खचली नव्हती. ‘‘सोललेली?’’ तिनं क्षीण आवाजात विचारलं.

पुढे रोज संध्याकाळी परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे. हिरवं म्हणजे अमोनिया आहे, पिवळं म्हणजे नाही. कन्येनं वहीत तारीखवार नोंदी ठेवल्या. खाडाखोड नाही. दुसऱ्या आठवड्यात माझाच धीर सुटला. ‘‘एक मासा आणून बघू या का, लहानसा?’’ मी म्हटलं. तिनं वहीतून डोकं वर न काढता ‘‘हिरवं आहे,’’ असं सांगितलं आणि मला टेबलावरून परत पाठवलं.

३४ व्या दिवशी पिवळं झालं. दुसरी चाचणी नायट्राइटची, तीही सुटली. मी रविवारी माशाला जायचं म्हणून पिशवी काढत होतो, तेवढ्यात ती ओरडली, ‘‘बाबा, वाळू हलली!’’

काचेला नाक लावून बघितलं. मुलुंडच्या वाटीतून आलेला, दोऱ्याएवढा एक किडा वाळूतून अर्धा बाहेर आला होता. आम्हां तिघांना बघून घेतलं आणि पुन्हा आत गेला. कन्येनं वही उघडून तारीख घातली, त्याच्यापुढे ‘हयात’ लिहिलं आणि सही करायला पेन माझ्या हातात दिलं.