दप्तराकडे जाण्याची रीत

जुना प्रोग्राम नव्या डेटाबेसवर न्यावयाचे ठरले की सर्वांचे लक्ष माहिती हलविण्याकडे लागते. परंतु त्या माहितीपर्यंत प्रोग्रामाने कोणत्या रीतीने पोहोचावे, हा माझ्या मते अधिक कठीण प्रश्न असून त्याचा निर्णय आधी झाला पाहिजे.

ठाणे तालुक्यातील आमच्या तारोडी गावच्या जमिनीचे दप्तरच पाहा. असे दप्तर फॉक्सप्रोच्या फाइलींत असले, तर प्रोग्राम कारकुनाप्रमाणे एकेक नोंद उघडून वाचतो आणि पुढे सरकतो. हीच चाल कायम ठेवून ओडीबीसी या दुव्यामार्फत नव्या सर्व्हरशी संधान बांधता येते, आणि एका भूमापन क्रमांकाचा सातबारा दाखविण्यापुरती ती पुरेशीही आहे. मात्र साऱ्या तालुक्याच्या ८-अ ची बेरीज करताना प्रत्येक नोंदीमागे सर्व्हरकडे एक हेलपाटा पडतो. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक पद्धतीचे सामर्थ्य नोंदींच्या समूहाला एकदाच प्रश्न विचारण्यात आहे. तेव्हा असे अहवाल एसक्यूएलमध्ये नव्यानेच लिहावेत.

फेरफार प्रमाणित करण्याचे काम याहून नाजूक. तेथे सातबारा आणि ८-अ दोन्ही बदलावेत, किंवा एकही बदलू नये. आणि ओडीबीसीचा मूळ रिवाज तर प्रत्येक हुकूम तत्क्षणी कायम करण्याचा! तो रिवाज बंद करावा, किंबहुना हे कार्य डेटाबेसमध्येच साठविलेल्या प्रोसीजरकडे सोपवावे, म्हणजे कोणत्याही मार्गाने आलेल्या प्रोग्रामास एकच नियम लागू होतो. त्यामुळे पुढे डेटाबेस बदलणे अवघड होते, हे खरे. जमिनीच्या हक्कापुढे ती अडचण मला गौण वाटते.

रीत बदलली की गृहीतकेही बदलतात. ओरॅकल डेटाबेसला रिकामा मजकूर आणि मजकुराचा अभाव एकच; पोस्टग्रेसला ते भिन्न. ‘इतर अधिकार’ कोरे असलेल्या जमिनी शोधणारा जुना प्रश्न त्यामुळे निम्म्याच जमिनी दाखवून स्वस्थ बसू शकतो. यासाठी जुन्या व नव्या मार्गाने आलेल्या क्षेत्राची रुजवात गावागणिक घ्यावी, आणि मगच ते क्षेत्र आकारबंद या भूमापनाच्या क्षेत्रनोंदीशी ताडावे. पहिल्या रुजवातीत निघालेला फरक आम्हा प्रोग्रामरांचा, तो आम्ही निस्तरावा. दुसऱ्या पडताळणीतला दप्तराचा, आणि तेथे लेखनप्रमाद आढळल्यास तो महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली महसूल अधिकाऱ्यानेच दुरुस्त करावयाचा आहे.