कर्ता गेला कुणीकडे?

इंग्रजी शिकताना आमच्या पिढीने किती साप मारले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. 'राम किल्ड अ स्नेक' हे वाक्य फळ्यावर आले, की मागोमाग 'चेंज द व्हॉइस' असा हुकूम सुटायचा आणि आम्ही मुकाट्याने 'अ स्नेक वॉज किल्ड बाय राम' असे लिहायचो. रामाने मारला काय किंवा रामाकडून मारला गेला काय, साप बिचारा दोन्ही वाक्यांत मरायचाच. मग एवढी उलथापालथ कशासाठी, हे मास्तरांना विचारण्याची सोय नव्हती. त्यांची छडी कायम कर्तरी प्रयोगात चालायची.

खरी गंमत अशी, की 'रामाने साप मारला' हे आपले साधेसुधे मराठी वाक्यच मुळात कर्मणी. सापाऐवजी नागीण आणा, क्रियापद लगेच तिच्यामागे धावते : 'रामाने नागीण मारली'. म्हणजे वाक्यात मान मेलेल्याला. पण म्हणून रामाला पळून जाता येते काय? नाव नको! 'ने' हा प्रत्यय हवालदारासारखा त्याची कॉलर धरून उभा असतो. इंग्रजीत मात्र 'बाय राम' हे वाक्याचे शेपूट. आणि तेही पालीचे. प्रसंग आला, की तोडून टाकायचे. 'अ स्नेक वॉज किल्ड.' साप मेला, वाक्य पुरे झाले आणि राम घरी जाऊन जेवायला बसला.

अत्र्यांच्या लखोबा लोखंड्याला निदान 'तो मी नव्हेच' असे कोर्टात ओरडून सांगावे तरी लागले. पॅसिव्ह व्हॉइस जाणणाऱ्याला तेवढेही कष्ट नाहीत. 1987 च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन इराणला विकलेल्या शस्त्रांच्या भानगडीबद्दल त्यांच्या संसदेपुढे बोलले, तेव्हा 'गंभीर चुका केल्या गेल्या' अशा थाटाचेच बोलले. कोणी केल्या? चुका काय, पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तशा उगवल्या असतील!

हे सगळे पाहूनच इंग्रजीतल्या जाणत्यांनी पॅसिव्हवर दात धरला. 1918 साली स्ट्रंक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी आपल्या छोट्या पुस्तकात 'ॲक्टिव्ह वापरा' असा दंडक घातला. 1946 साली जॉर्ज ऑर्वेल यांनी तर लेखकांसाठी नियमच करून टाकला : ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह कधीही वापरू नका. फक्त, लोक ऊठसूट पॅसिव्ह वापरतात ही तक्रार त्यांनी त्याच लेखात ज्या वाक्यात केली आहे, ते वाक्य खुद्द पॅसिव्हमध्ये आहे! म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पण पॅसिव्हला सरसकट वाळीत टाकणेही बरे नव्हे. माणूस इंग्रजीत जन्मतो तोच मुळी पॅसिव्हमध्ये : 'ही वॉज बॉर्न'. त्यात त्याचे कर्तृत्व ते काय? पुढे तो शिकवला जातो, नेमला जातो, बदली केला जातो, सत्कारिला जातो. शेवटी 'ही डाइड' एवढे एकच काम बिचारा स्वतः करतो. रात्री घर फोडले गेले, तर चोराचे नाव कुठून आणणार? शाळेच्या प्रयोगवहीत परीक्षानळी 'तापवली गेली' एवढे पुरते. कोणत्या बाळूने तापवली याच्याशी शास्त्राला कर्तव्य नसते. तेव्हा पॅसिव्ह दिसला, की लाल शाई काढण्यापेक्षा एवढेच पाहावे, की शेपूट आपोआप गळले, की कोणी मुद्दाम तोडले.

ही कसोटी मला कुठल्या व्याकरणकाराने शिकवली नाही. शेजारच्या काकूंनी शिकवली. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. 1983 साली काका गेले आणि काकूंचे निवृत्तिवेतन एका कचेरीत अडकले. चौदा महिने फक्त पत्रे येत होती, आणि ती वाचून दाखवायचे काम माझ्याकडे. एका पत्रात होते, 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इन्टु.'

"काय म्हणतात रे?"

"प्रकरण पाहिलं जातंय म्हणतात, काकू."

"कोण पाहतंय?"

"ते नाही लिहिलेलं."

"अरे, पाहिलं जातंय म्हणजे कोणीतरी पाहत असेलच ना? का भुतं पाहतायत? वाण्याला मी असं सांगू का, की पैसे दिले जातील?"

मी गप्प बसलो. वाण्याची उधारी तीन महिन्यांची होती, हे मला माहीत होते.

त्या दिवशी काकूंनी सांगितले तसे पत्र मी लिहिले. त्यात मुद्द्याचे वाक्य एकच : 'हू हॅज माय फाइल?' चार शब्द; आणि या 'हॅव'चा पॅसिव्ह होतच नाही, त्यामुळे पळवाटही बंद. अपेक्षेप्रमाणे उत्तर आले, 'युवर लेटर हॅज बीन रिसीव्हड.' पण त्यानंतर तीनच आठवड्यांनी दुसरे पत्र आले : 'सँक्शन हॅज बीन अकॉर्डेड.' मंजुरी दिली गेली होती!

काकूंनी डोळे पुसले, पेढे आणवले आणि मला विचारले, "नाव काय रे त्याचं?"

मी पत्र उलटेसुलटे करून पाहिले. खाली सही म्हणून एक वेटोळे, आणि त्याच्याही आधी 'फॉर'. त्या कचेरीत कोणीतरी ते चार शब्द वाचून उठले होते, धुळीतून फाइल उपसून वर नेली होती. त्याचाही पत्ता त्या वाक्याने लागू दिला नाही. पॅसिव्ह अपराध्याला लपवतो, हे स्ट्रंकसाहेबांना ठाऊक असेल; तो देवमाणसालाही लपवतो, हे काकूंना त्या दिवशी कळले.

"मग पेढा देऊ कोणाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. काकूंकडे होते. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन त्या थेट त्या कचेरीत गेल्या आणि एकूणएक टेबलावर एकेक पेढा ठेवून आल्या. 'बाय'च्या पुढची जागा रिकामी ठेवली, की असे सगळ्यांचेच तोंड गोड करावे लागते!