फडके सरांचं देणं

धारला आम्ही घरात मराठी आणि बाहेर हिंदी-माळवी बोलत वाढलो. मनाविषयी मात्र कुठल्याच भाषेत बोलणं होत नसे. कुणी गप्प गप्प राहू लागलं, की ‘जिवाला लावून घेतलंय’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. ठाण्याची मावशी येताना मासिकांचा गठ्ठा आणायची. त्या पानांतून मला कि. मो. फडके भेटले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी मराठी माणसापर्यंत पोचवली. एलिस यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. मी त्यांना कधी पाहिलंही नाही. देणं मात्र फार मोठं आहे.

बाबा नोकरीसाठी इंदूरला जाऊन-येऊन करत. बेटमा, घाटाबिल्लोद करत येणाऱ्या बसला उशीर झाला, की आई तवा उतरवून दारात उभी राहायची. तिचे हात गार पडत. उशीर झाला म्हणून ती घाबरते, असंच मी धरून चालले होते. पण त्याच बसने येणाऱ्या शेजारच्या काकांची वाट बघत काकू निवांत भाजी निवडत बसत! घटना आणि भावना यांच्या मध्ये आपली एक समजूत असते, हे एलिसचं म्हणणं मला तिथे उमगलं. बस आली नाही, ही घटना. ‘अपघातच झाला असणार, आणि तसं झालं तर मी जगूच शकणार नाही’, ही समजूत. गार हात हा तिचा परिणाम.

एका संध्याकाळी ‘घाबरू नकोस’ म्हणायचं टाळून मी विचारलं, “मागच्या खेपेला उशीर कशानं झाला होता गं?”

“पंक्चर झालं होतं.”

“आणि त्याच्या आधी?”

“जाम लागला होता.” एवढं बोलून ती आत गेली आणि तवा पुन्हा चढवला. काळजी होतीच, पण काळजी माणसाला कामाला लावते. चिंता जागच्या जागी खिळवून ठेवते. हा फरक मी त्या पोळ्यांच्या वासात शिकले.

कॉलेजात शंका विचारताना माझा घसा कोरडा पडे. एलिस स्वतः एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरत. ती भीती मोडायला न्यूयॉर्कच्या एका उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी ते मुद्दाम बोलायला गेले. जुळलं कुणाशीच नाही, पण आभाळही कोसळलं नाही. ते वाचून मी हात वर केला.

बाबा गेले तेव्हा या शिकवणीची खरी किंमत कळली. विवेकनिष्ठ म्हणजे कोरडं नव्हे. आपलं माणूस गेल्यावर दुःख होणारच, ते व्हायलाच हवं. पण पुढे महिने लोटले तरी आईला झोप नव्हती, जेवण सुटलं होतं. “मी कुणाच्या उपयोगाची नाही,” असं ती म्हणू लागली. दुःख माणसाकडून त्याची किंमत काढून घेत नाही, नैराश्य काढून घेतं. हे वाचलेलं होतं म्हणून मी नातेवाइकांची कुजबुज बाजूला ठेवली आणि तिला इंदूरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. तिथे नुसत्या समजुतीच्या बोलण्यावर भागणार नव्हतं, औषधंही लागली. सुधारायला वेळ लागला. पण ती सुधारली.

परवा काकूंची सून रात्र-रात्र जागी असते, असं कानावर आलं. मी काही बोलायच्या आत आई तिच्याकडे जाऊन आली. म्हणाली, “सोमवारी इंदूरला जातोय आम्ही दोघी. डॉक्टरांची वेळ तेवढी घेऊन दे.”